इनपुट प्रवाहातून ओळ वाचणे

इनपुट प्रवाहातून ओळ वाचणे ही संगणक प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत क्रिया आहे. कळफलक, फाइल, दुसरी एखादी आज्ञावली किंवा जाळ्यावरील जोडणी यांपैकी कोणत्याही स्रोताकडून एकामागून एक येणाऱ्या बाइटांच्या मालिकेस प्रवाह म्हणतात. या मालिकेतून ओळसमाप्तीच्या खुणेपर्यंतचा भाग वेगळा काढून तो मजकूर म्हणून आज्ञावलीच्या हाती देणे, असे या क्रियेचे स्वरूप असते. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी तयार फंक्शन उपलब्ध असते आणि नवशिक्या विद्यार्थ्याच्या पहिल्या काही आज्ञावल्यांत ते येतेच. त्यामुळे ही क्रिया फार सोपी आहे असा समज होतो. इंग्रजी मजकुरापुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे; मराठीसारख्या भाषेतील मजकूर वाचताना मात्र त्यातील गृहीतके उघडी पडतात.

ओळ ही संकल्पना

कागदावर ओळ डोळ्यांना दिसते. प्रवाहात ओळ नावाची कोणतीही वस्तू नसते. तेथे केवळ ० ते २५५ या मर्यादेतील संख्या असतात आणि त्यांपैकी एका विशिष्ट संख्येला 'येथे ओळ संपली' असे मानायचे, एवढाच संकेत असतो. पडद्यावर लांब परिच्छेद गुंडाळून दहा ओळींत दाखवला जात असला, तरी त्यात ही खूण एकदाच, शेवटी, असेल तर वाचणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने ती एकच ओळ असते.

युनिक्स परंपरेतील पॉझिक्स प्रमाणकाने ओळीची व्याख्या काटेकोरपणे केली आहे : शून्य किंवा अधिक चिन्हे आणि त्यानंतर ओळसमाप्तीची खूण, या सर्वांची मिळून एक ओळ होते. या व्याख्येनुसार खूण ही ओळीचाच भाग आहे, दोन ओळींमधील कुंपण नव्हे. हा भेद शाब्दिक वाटला तरी त्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. शेवटच्या नावापुढे एंटर न दाबता जतन केलेल्या फाइलमध्ये पाच नावे असली, तर खुणा मोजणारे साधन 'चार ओळी' असे उत्तर देते. युनिक्सच्या शेलमध्ये ओळी वाचण्यासाठी सर्रास लिहिले जाणारे आवर्तन तर अशा फाइलमधील शेवटची ओळ निमूटपणे गाळते. यादीतील शेवटचा विद्यार्थी वा शेवटचे गाव निकालात न दिसण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

ओळसमाप्तीच्या खुणा

ओळसमाप्तीच्या खुणांचा इतिहास टेलिटाइप यंत्रांपासून सुरू होतो. या यंत्रांत नवी ओळ सुरू करण्यासाठी दोन यांत्रिक हालचाली लागत : मुद्रणशीर्ष डाव्या कडेस परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की संकेतावलीत या दोन हालचालींना अनुक्रमे १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. यंत्रे गेली, क्रमांक राहिले. युनिक्सने केवळ १० ही खूण स्वीकारली. डॉस आणि त्यानंतर विंडोजने १३ व १० अशी जोडी कायम ठेवली. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश प्रणालीत एकटा १३ वापरला जाई. मॅक ओएस एक्सपासून तेथेही १० रूढ झाला.

या भिन्नतेमुळे विंडोजवर तयार केलेली फाइल लिनक्सवर वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ हा बाइट चिकटून राहतो. तो पडद्यावर दिसत नाही. मात्र 'आंबा' आणि १३ जोडलेला 'आंबा' हे दोन शब्द तुलनेत वेगळे ठरतात आणि यादीत डोळ्यांना दिसणारे गाव शोधात सापडत नाही.

ओळ वाचण्याची रीत

मूळ रीत थोडक्यात पुढीलप्रमाणे मांडता येते :

ओळ = रिकामी
पुन्हा पुन्हा करा :
— प्रवाहातील पुढचा बाइट घ्या
— प्रवाह संपला असून ओळ रिकामी असेल, तर 'समाप्त' असे कळवा आणि थांबा
— प्रवाह संपला असून ओळीत काही असेल, तर ती ओळ परत द्या आणि थांबा
— बाइट १० असेल, तर ओळ परत द्या आणि थांबा
— अन्यथा तो बाइट ओळीच्या शेवटी जोडा

यात 'समाप्त' आणि 'रिकामी ओळ' ही दोन उत्तरे वेगळी ठेवली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रिकामी ओळ म्हणजे मजकूर नसलेली, पण अस्तित्वात असलेली ओळ. समाप्ती म्हणजे ओळच नसणे. पायथनमध्ये फाइलची ओळ वाचणारे फंक्शन खुणेसह ओळ परत देते, त्यामुळे रिकाम्या ओळीसाठी निदान एक चिन्ह मिळते आणि समाप्तीसाठी काहीच मिळत नाही. जावामध्ये खूण काढून टाकली जाते आणि समाप्ती 'नल' या मूल्याने कळवली जाते. दोन्ही व्यवस्था सुसंगत आहेत. एका भाषेची सवय दुसरीत नेणारा विद्यार्थी मात्र पहिल्या रिकाम्या ओळीपाशी वाचन थांबवणारी आज्ञावली लिहून बसतो.

प्रत्यक्षात एकेक बाइट मागवणे फार महाग पडते, कारण प्रत्येक मागणीसाठी कार्यकारी प्रणालीकडे जावे लागते. म्हणून ग्रंथालयातील फंक्शने एका वेळी काही हजार बाइटांचा साठा मेमरीत आणून ठेवतात आणि ओळी त्यातून कापून देतात. या साठ्याला बफर म्हणतात. एखादी ओळ साठ्याच्या शेवटी अर्धवट राहिली, तर तो तुकडा जपून पुढचा साठा आल्यावर त्याला जोडावा लागतो. तयार फंक्शने हे काम वापरणाऱ्याच्या नकळत करतात. जाळ्यावरील जोडणीतून थेट वाचणाऱ्या आज्ञावलीला ते स्वतः करावे लागते, कारण एका वाचनात अर्धी ओळही येऊ शकते आणि साडेतीन ओळीही.

लांबीची मर्यादा

ओळ किती लांब असेल हे वाचण्यापूर्वी कळत नाही. सी भाषेच्या सुरुवातीच्या ग्रंथालयातील 'गेट्स' या फंक्शनने या अडचणीकडे सरळ दुर्लक्ष केले होते. त्याला केवळ ओळ कोठे ठेवायची ती जागा सांगितली जाई. जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. ओळ जागेपेक्षा मोठी निघाली, तर उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर लिहिले जात.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेली स्वयंप्रसारी आज्ञावली इंटरनेटवरील हजारो संगणकांत पसरली. तिच्या शिरकावाच्या मार्गांपैकी एक 'फिंगर' या सेवेतून जात होता. ही सेवा ५१२ बाइटांच्या जागेत 'गेट्स'च्या साहाय्याने एक ओळ वाचत असे. मॉरिसच्या आज्ञावलीने तिला ५३६ बाइटांची ओळ पाठवली. जास्तीच्या २४ बाइटांनी फंक्शनचा परतीचा पत्ता बदलला आणि सेवा आपले काम सोडून आलेल्या ओळीतच दडवलेल्या सूचना पाळू लागली. इतके होऊनही 'गेट्स' प्रमाणकातून अधिकृतपणे वगळले जाण्यास २०११ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरात राहिलेल्या टर्बो सीच्या काळात हे फंक्शन निर्धास्तपणे शिकवले जाई आणि त्या काळातील वह्यांवरून तयार झालेल्या टिपणांत ते अद्याप आढळते. नव्या आज्ञावलीत ते वापरण्याचे कोणतेही समर्थन नाही.

त्याच्या जागी सुचवले जाणारे 'एफगेट्स' जागेची मर्यादा मागते आणि ती ओलांडत नाही. मात्र ओळ मोठी असल्यास ते तिचा पहिला तुकडा देते आणि उरलेला भाग पुढच्या वाचनात देते. म्हणजेच 'एक वाचन, एक ओळ' ही हमी येथे नसते. तुकड्याच्या शेवटी खूण आहे की नाही हे पाहूनच ओळ पूर्ण झाली की नाही ते ठरवावे लागते. पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीत आलेले 'गेटलाइन' हे फंक्शन गरजेनुसार जागा वाढवत नेते. त्यातही एक उणीव उरते : खूण कधीच न पाठवणारा स्रोत भेटला, तर मेमरी संपेपर्यंत ते वाढवतच राहते. गो भाषेतील ओळी वाचणारा स्कॅनर म्हणून ६५,५३६ बाइटांची मूळ मर्यादा घालतो आणि त्याहून लांब ओळ आल्यास चूक कळवून थांबतो.

अक्षर, चिन्ह आणि बाइट

किती बाइटांची जागा ठेवावी हा प्रश्न देवनागरी मजकुरात वेगळे वळण घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातील 'शाहूवाडी' या तालुक्याचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यात शा, हू, वा, डी अशी चार अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने त्यात आठ चिन्हे आहेत, कारण प्रत्येक व्यंजन आणि त्याला लागलेली स्वरचिन्हे यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून फाइलमध्ये हे नाव २४ बाइट व्यापते. ओळसमाप्तीचा एक बाइट आणि सी भाषेला शब्दाच्या शेवटी लागणारा शून्य बाइट धरून जागा २६ लागते.

एखाद्याने गावांच्या नावांसाठी २० बाइटांची जागा पुरेशी मानली, तर 'एफगेट्स' शेवटच्या शून्यासाठी एक बाइट राखून १९ बाइट उचलते. त्यांत 'शाहूवा' ही सहा चिन्हे १८ बाइटांत बसतात आणि एकोणिसावा बाइट 'ड'च्या तीन बाइटांपैकी पहिला, म्हणजे २२४, हा असतो. पुढच्या वाचनात 'ड'चे उरलेले दोन बाइट, 'ी'चे तीन आणि ओळसमाप्तीचा एक असे सहा बाइट येतात. येथे एका गावाच्या दोन नोंदी होतात, आणि दोन्हींमध्ये 'ड' फुटलेला असतो. पहिली नोंद छापल्यास 'शाहूवा' या अक्षरांपुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. बाइटांचे मजकुरात कडक रूपांतर करणारी भाषा असल्यास आज्ञावली त्याच ठिकाणी चूक दाखवून थांबते. इंग्रजीतील नावांवर चाचणी घेतलेली आज्ञावली मराठी नावांवर कोसळते, ती बहुधा अशा ठिकाणी.

साठ्याच्या कडेवरही हेच घडते. ४,०९६ या संख्येला तीनने भागल्यास एक उरतो. त्यामुळे सलग देवनागरी मजकूर ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्रपणे मजकुरात रूपांतर केले, तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक चिन्ह फुटते. उपाय दोन आहेत. आधी बाइटांच्या पातळीवर संपूर्ण ओळ जमवून मग तिचे रूपांतर करणे, हा पहिला. अर्धवट चिन्हाचे बाइट पुढच्या तुकड्यासाठी लक्षात ठेवणारा रूपांतरक वापरणे, हा दुसरा.

यांपैकी पहिला उपाय यूटीएफ-८ साठी सुरक्षित आहे. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली हे संकेतन आखताना एकाहून अधिक बाइट घेणाऱ्या चिन्हातील प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच असेल, असे बंधन घातले. म्हणून यूटीएफ-८ मजकुरात १० हा बाइट दिसला, तर तो ओळसमाप्तीचाच असतो, कोणत्याही अक्षराचा तुकडा असू शकत नाही. देवनागरीचे अस्तित्वही माहीत नसलेली युनिक्सची जुनी साधने मराठी फाइलमधील ओळी आजही बिनचूक वेगळ्या करतात, त्याचे श्रेय या एका बंधनाला आहे.

'ऊ' आणि दहा हा बाइट

यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतनात असे संरक्षण नाही. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेते. चिन्हाचा युनिकोड क्रमांक २५६ ने भागल्यावर येणारा भागाकार हा एक बाइट आणि बाकी हा दुसरा. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा भागाकार ९ येतो. बाकी प्रत्येक चिन्हाची वेगळी असते.

युनिकोडमधील देवनागरीची मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या 'इस्की' या संकेतावलीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली असून ती वर्णमालेच्या क्रमाने जाते. अनुस्वार-विसर्गादी चिन्हे प्रथम येतात, त्यानंतर पाचव्या जागेपासून अ, आ, इ, ई, उ आणि दहाव्या जागी 'ऊ'. 'ऊ'चा क्रमांक २३१४ आहे. म्हणजे त्याचे बाइट ९ आणि १०. तेराव्या जागी 'ऍ' येतो. त्याचे बाइट ९ आणि १३. ओळसमाप्तीसाठी वापरले जाणारे दोन्ही क्रमांक अशा रीतीने दोन स्वरांच्या पोटात दडलेले आहेत. बाइट मोजून ओळी कापणारी आज्ञावली यूटीएफ-१६ मजकुरात 'ऊ' दिसताच तेथे ओळ संपली असे समजते. ('अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिल्या जाणाऱ्या मराठी 'ॲ'ला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक असल्याने तो या तावडीतून सुटतो. जुन्या टंकलेखनात त्याच्या जागी 'ऍ' सर्रास आढळतो.)

या स्वराची वारंवारता मराठीत कमी नाही. 'शाहूवाडी' किंवा 'मलकापूर' यांमध्ये हाच ध्वनी स्वरचिन्हाच्या रूपात येतो; त्याचा क्रमांक २३७० असून बाकी ६६ येते, म्हणून ती नावे सुरक्षित राहतात. पण ऊस, ऊन, ऊर्जा, पाऊस, भाऊ, राऊत हे शब्द, तसेच जाऊन, येऊन, घेऊन, देऊन यांसारखी रूपे पूर्ण 'ऊ'ने लिहिली जातात. मराठीत पानभर सलग मजकूर 'ऊ' टाळून लिहिणे जवळजवळ अशक्य आहे.

शाहूवाडी तालुक्यातील पिकांची यादी असलेली फाइल समजा 'भात', 'ऊस', 'नाचणी' अशा ओळींची असून ती विंडोजवर यूटीएफ-१६ मध्ये, लहान बाइट आधी या क्रमाने, जतन केली आहे. तिचा आरंभ असा दिसेल :

२५५ २५४ (संकेतन ओळखण्याची खूण)
४५ ९ (भ), ६२ ९ (ा), ३६ ९ (त), १३ ० आणि १० ० (ओळसमाप्ती)
१० ९ (ऊ), ५६ ९ (स), १३ ० आणि १० ० (ओळसमाप्ती)

बाइट १० पाशी कापणारी आज्ञावली पहिली ओळ 'भात'नंतरच्या १० पाशी संपवते. दुसरी ओळ मागे राहिलेल्या ० ने सुरू होते आणि लगेच येणाऱ्या 'ऊ'च्या १० पाशी संपते. तिच्यात मजकूर काहीच नसतो. तिसऱ्या ओळीत ९, ५६, ९, १३, ०, १० असे बाइट येतात. त्यांच्या जोड्या एका बाइटाने सरकल्या आहेत. मजकूर म्हणून वाचल्यास ९ आणि ५६ यांचे चिनी चित्रलिपीतील एक चिन्ह होते, ९ आणि १३ यांचा मल्याळम लिपीतील 'उ' होतो. दोन पिकांच्या तीन ओळी झाल्या आणि त्यांत ऊस कोठेच उरला नाही.

हा दोष लपून राहतो, त्यामागे एक खास कारण आहे. 'ऊ' नसलेल्या फाइलमध्येही ओळसमाप्तीचा उरलेला ० हा बाइट प्रत्येक पुढच्या ओळीच्या आरंभी येतो आणि जोड्या बिघडवतो. तो लगेच लक्षात येतो; मग ओळीच्या सुरुवातीचा शून्य बाइट वगळण्याची ठिगळवजा दुरुस्ती केली जाते. मलकापूर, बांबवडे, आंबा, विशाळगड अशा नावांवर ती दुरुस्ती उत्तम चालते आणि काम झाले असे वाटते. पुढे कधीतरी पावसाच्या नोंदींची फाइल येते आणि 'पाऊस' या शब्दापाशी ओळ तुटते.

ही अडचण केवळ पुस्तकी नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पर्यंत मूळ संकेतन असे होते, की त्यात देवनागरी चिन्हे सामावतच नसत. जतन केल्यावर त्यांची प्रश्नचिन्हे होत. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्यास यादीतील 'युनिकोड' हा पर्याय निवडणे स्वाभाविक वाटे आणि तो पर्याय म्हणजे यूटीएफ-१६ च होता. एक्सेलमधील 'युनिकोड मजकूर' हा जतन करण्याचा प्रकारही यूटीएफ-१६ मध्येच फाइल देतो. नंतरच्या नोटपॅडने यूटीएफ-८ स्वीकारले असले, तरी जुन्या फाइली कार्यालयांतून आणि शाळांतून तशाच पडून आहेत. इतर भारतीय लिप्यांची अवस्था याहून बिकट आहे : यूटीएफ-१६ मध्ये गुजराती व गुरुमुखीच्या प्रत्येक चिन्हात १० हा बाइट असतो, तर मल्याळमच्या प्रत्येक चिन्हात १३. तेथे दोष पहिल्याच शब्दाला उघड होतो. मराठीत तो एका स्वरामागे दबा धरून राहतो आणि म्हणून अधिक घातक ठरतो.

उपाय सोपा आहे, पण त्याचा क्रम चुकता कामा नये. यूटीएफ-१६ मधील मजकुराचे आधी चिन्हांत रूपांतर करावे आणि त्यानंतर चिन्हांच्या पातळीवर ओळी कराव्यात. बहुतेक आधुनिक भाषांत प्रवाह उघडतानाच संकेतन सांगितले की हे काम भाषा स्वतः करते. संकेतन न सांगितल्यास ती संगणकाच्या मांडणीवरून अंदाज बांधते. जावाने हा अंदाज सोडून यूटीएफ-८ हेच गृहीत धरण्यास २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून प्रारंभ केला.

संकेतन ओळखण्याची खूण यूटीएफ-८ फाइलच्या आरंभीही कधीकधी असते; तेथे ती २३९, १८७, १९१ अशा तीन बाइटांची असते. ती न काढल्यास यादीतील पहिलेच नाव कोणत्याही शोधात सापडत नाही. कडेच्या मोकळ्या जागा काढणारी नेहमीची फंक्शने तिला मोकळी जागा समजत नाहीत, म्हणून तिची वेगळी दखल घ्यावी लागते.

कळफलकावरून वाचन

वापरकर्ता टंकत असताना प्रत्येक कळ दाबताक्षणी आज्ञावलीकडे जात नाही. कार्यकारी प्रणालीचा टर्मिनल हाताळणारा भाग ती ओळ स्वतःपाशी जमवतो, खोडण्याची मुभा देतो आणि एंटर दाबल्यावर संपूर्ण ओळ एकदम सोपवतो. लिनक्समध्ये अशा ओळीची कमाल मर्यादा खुणेसह ४,०९६ बाइट आहे. देवनागरीत ती १,३६५ चिन्हांवर संपते. खोडण्याच्या कळेसाठी लिनक्समध्ये यूटीएफ-८ ची वेगळी मांडणी आहे. ती बंद असल्यास एकदा खोडल्यावर तीन बाइटांपैकी एकच जातो. पडद्यावर अक्षर गेल्यासारखे दिसते आणि आज्ञावलीला मात्र दोन बाइटांचा भग्नावशेष मिळतो.

प्रवाह संपला हे कळवण्यासाठी युनिक्समध्ये कंट्रोल व डी, तर विंडोजमध्ये कंट्रोल व झेड या कळा वापरतात. त्यांचा कोणताही बाइट आज्ञावलीपर्यंत सहसा पोहोचत नाही. पोहोचते ती 'समाप्त' ही सूचना. सी भाषेत ही सूचना उणे एक या मूल्याने मिळते. वाचलेले मूल्य एका बाइटाच्या चिन्हयुक्त चलात ठेवल्यास २५५ हा बाइट आणि उणे एक यांतील भेद पुसला जातो. वर दिलेली यूटीएफ-१६ फाइल नेमकी २५५ ने सुरू होत असल्याने अशी आज्ञावली तिला रिकामी फाइल समजते.

संख्या आणि ओळ एकत्र वाचताना

विद्यार्थ्यांना सर्वाधिक छळणारी चूक सी++ आणि जावामध्ये आढळते. आधी वय संख्या म्हणून वाचले आणि नंतर नाव ओळ म्हणून वाचले, तर नाव रिकामे येते. संख्या वाचणारे फंक्शन अंक संपताच थांबते आणि त्यामागील ओळसमाप्तीची खूण प्रवाहातच सोडते. पुढचे ओळवाचन ती खूण पाहते आणि रिकामी ओळ मिळाली असे प्रामाणिकपणे सांगते. यात दोन्ही फंक्शनांचे काही चुकलेले नसते. दोघांच्या 'कोठे थांबायचे' याविषयीच्या कल्पना भिन्न आहेत, इतकेच. मधली खूण गिळण्यासाठी एक जादा ओळ वाचणे हा रूढ उपाय असला, तरी प्रत्येक वेळी पूर्ण ओळ वाचून तीतून संख्या काढणे अधिक विश्वासार्ह आहे. पायथनमध्ये दुसरीच रीत सक्तीची असल्याने ही चूक तेथे संभवत नाही. पायथनचे संख्येत रूपांतर करणारे फंक्शन '१२' असे देवनागरी अंकांत लिहिलेले वयही स्वीकारते. सी भाषेतील त्याचे समकक्ष फंक्शन तसे करत नाही.

पायथनमध्ये एक निराळा खाचखळगा आहे. फाइलमधून ओळी वाचताना ती भाषा केवळ १०, १३ किंवा त्यांची जोडी यांनाच खूण मानते. परंतु मेमरीतील मजकूर ओळींत तोडणारे तिचे फंक्शन आणखी काही चिन्हांवरही ओळ तोडते, त्यांत १३३ हा क्रमांक येतो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये १२८ च्या वरच्या जागांवर अक्षरांचे आकार बसवलेले असत. अशी जुनी फाइल पाश्चात्त्य संकेतन समजून उघडली आणि तिच्यात १३३ या जागी एखादा आकार असला, तर त्या प्रत्येक ठिकाणी ओळ तुटते. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्याने म्हणूनच ओळी तोडण्यासाठी केवळ १० या खुणेवर विसंबावे.

ओळ आणि नोंद

एक ओळ म्हणजे एक नोंद, हे समीकरण सोयीचे असल्याने सर्वत्र वापरले जाते. ते नेहमी खरे नसते. स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेल्या फाइलींत एखाद्या रकान्यातील मजकूर अवतरणचिन्हांत असल्यास त्याच्या आत ओळसमाप्तीची खूण येऊ शकते. पत्त्याच्या रकान्यात कोणी 'मु. पो. बांबवडे' लिहून एंटर दाबले, मग 'ता. शाहूवाडी' आणि पुन्हा एंटर दाबून 'जि. कोल्हापूर' लिहिले, तर ती नोंद फाइलमध्ये तीन ओळी व्यापते. ओळीगणिक वाचणारी आज्ञावली तिचे तीन तुकडे करते आणि 'ता. शाहूवाडी' हे व्यक्तीचे नाव म्हणून नोंदवून ठेवते. अशा फाइलींसाठी ओळ वाचणारे साधे फंक्शन न वापरता अवतरणचिन्हे उघडी आहेत की मिटली, याचा हिशेब ठेवणारे ग्रंथालय वापरावे लागते. ते आतून ओळीच वाचते, पण अवतरण मिटेपर्यंत त्या एकमेकींना जोडत राहते.